श्रमाचे वस्त्र आणि बंडाची प्रतिमा : अभिजात अमेरिकी चित्रपटांतील डेनिम जीन्सचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटाच्या समीक्षेत कथा, अभिनय, छायाचित्रण आणि संगीत यांची चर्चा जितक्या विस्ताराने होते, तितकी वेशभूषेची होत नाही. झालीच तर ती ऐतिहासिक किंवा पौराणिक चित्रपटांतील भरजरी वस्त्रांपुरती मर्यादित राहते. रोजच्या वापरातले साधे वस्त्र पडद्यावर आले की तीही विचारपूर्वक केलेली वेशभूषा आहे, याचे भान प्रेक्षकाला सहसा राहत नाही. डेनिमची जीन्स हे याचे ठळक उदाहरण होय.

१९५० च्या दशकातील अमेरिकी चित्रपटांनी जीन्सला तरुण पिढीच्या बंडाचे प्रतीक बनविले, असे विधान फॅशनच्या इतिहासलेखनात वारंवार आढळते. हे विधान चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. बंडाचे प्रतीक होण्यापूर्वी जवळजवळ ऐंशी वर्षे जीन्स कष्टकऱ्यांच्या अंगावर होती. त्या श्रमाचे पडद्यावर काय झाले, तो दिसला की लोपला, हा प्रश्न त्या विधानात विचारलाच जात नाही. प्रस्तुत निबंधात १९३९ ते १९६१ या कालखंडातील निवडक चित्रपट आणि तत्कालीन अमेरिकी फॅशन यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

वस्त्राची पूर्वपीठिका

डेनिम हे तिरप्या विणीचे जाड सुती कापड आहे. त्यातील उभा धागा निळीत रंगविलेला आणि आडवा धागा पांढरा असतो. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, ती पृष्ठभागावरच राहते. त्यामुळे जेथे घर्षण अधिक होते तेथे, म्हणजे गुडघे, मांड्या आणि खिशांच्या कडा येथे, रंग विटतो. वापरणाऱ्याने कोणते काम केले याची खूण अशा रीतीने वस्त्रावरच उमटते. चित्रपटातील जीन्सचा विचार करताना हा गुणधर्म महत्त्वाचा ठरतो.

नेवाडा राज्यातील रेनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याने मजुरांच्या विजारीचे खिसे फाटू नयेत म्हणून ताण पडणाऱ्या जागी धातूचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली. सान फ्रान्सिस्को येथील कापडव्यापारी लीवाय स्ट्रॉस यांच्या कंपनीसह त्याला २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट मिळाले. खाणकामगार, गुराखी, शेतमजूर आणि रेल्वेवरील कामगार हे या वस्त्राचे पहिले ग्राहक होत.

या वस्त्राच्या नावांतही श्रमाचा इतिहास साठलेला आहे. अमेरिकेत त्याला दीर्घकाळ 'ओव्हरऑल्स' म्हणत. त्याच जातकुळीच्या कपड्यांसाठी 'डंगरी' हा शब्दही रूढ होता आणि अमेरिकी नौसैनिकांच्या कामाच्या पोशाखाला हेच नाव होते. हा शब्द मुंबईतील डोंगरी या ठिकाणाच्या नावावरून तेथील जाड्याभरड्या सुती कापडाला मिळाला आणि सतराव्या शतकापासून इंग्रजीत वावरू लागला. लीवाय स्ट्रॉस कंपनीने आपल्या जाहिरातींत 'जीन्स' हा शब्द १९६० मध्ये स्वीकारला. कामाच्या वस्त्राचे नाव मागे पडून तरुणांच्या तोंडचे नाव अधिकृत होण्यास पेटंटनंतर सुमारे नव्वद वर्षे लागली.

गुराख्यापासून रंगमंचापर्यंत

जीन्सला पडद्यावर प्रथम प्रतिष्ठा दिली ती वेस्टर्न चित्रपटांनी. जॉन फोर्ड यांच्या 'स्टेजकोच' (१९३९) मध्ये जॉन वेनचा रिंगो किड पायाशी दुमडलेली जीन्स घालून येतो. येथे वस्त्र अद्याप व्यवसायाशी जोडलेले आहे. तथापि गुराख्याचे प्रत्यक्ष कष्ट या कथेत नाहीत. प्रवास, सूड आणि प्रेम यांतच तो गुंतलेला आहे. श्रमाचे वस्त्र शौर्याचे वस्त्र होण्याची प्रक्रिया येथे सुरू झालेली दिसते.

पुढचा टप्पा रंगमंचावर घडला. टेनेसी विल्यम्स यांचे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे नाटक एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली डिसेंबर १९४७ मध्ये ब्रॉडवेवर आले. वेशभूषाकार लुसिंडा बॅलर्ड यांना मार्लन ब्रँडोच्या पोशाखाची कल्पना न्यूयॉर्कमध्ये खोदकाम करणाऱ्या मजुरांना पाहून सुचली. मातीने माखलेले, अंगाला चिकटलेले त्यांचे कपडे पाहून त्यांनी ब्रँडोसाठी जीन्स धुऊन, आटवून, शरीरालगत बसती करून घेतली. मजुराची जीन्स सैल असते, कारण त्याला वाकायचे आणि उचलायचे असते. बॅलर्ड यांनी मजुराकडून प्रेरणा घेतली, परंतु वस्त्राचा हेतू बदलला. पूर्वी ते शरीराचे रक्षण करी, आता ते शरीर दाखवू लागले. जीन्सच्या दृश्य इतिहासातील हा निर्णायक बदल मानावा लागेल.

'द वाइल्ड वन' : बंड की गणवेश ?

लास्लो बेनेडेक दिग्दर्शित 'द वाइल्ड वन' (१९५३) ची कथा फ्रँक रूनी यांच्या १९५१ च्या लघुकथेवर आधारलेली असून त्यामागे १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे मोटारसायकलस्वारांनी घातलेल्या गोंधळाची पार्श्वभूमी आहे. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला १९६७ पर्यंत प्रदर्शनाची परवानगी नव्हती, यावरून त्याची धास्ती किती होती हे लक्षात येते.

ब्रँडोचा जॉनी चामड्याचे काळे जाकीट, तिरपी टोपी आणि दुमडलेली जीन्स अशा वेशात आहे. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे जीन्सचा निळा रंग येथे करडा होतो आणि नजर जाकिटावर खिळते. अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, टोळीतील जवळजवळ सर्वच जण याच धाटणीच्या वेशात आहेत. समाजाचे नियम झुगारणाऱ्यांनी स्वतःसाठी गणवेश स्वीकारला आहे. गावातील पोशाखाला विरोध करताना एकरूपतेच्या ओढीतून मात्र ते सुटलेले नाहीत. हा अंतर्विरोध संवादांपेक्षा वेशभूषाच अधिक स्पष्टपणे मांडते. जीन्स म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य हे समीकरण या चित्रपटाच्या नावावर नेहमी खपविले जाते. चित्रपट स्वतः त्याबद्दल बराच साशंक आहे.

'रिबेल विदाउट अ कॉज' आणि 'जायंट'

निकोलस रे दिग्दर्शित 'रिबेल विदाउट अ कॉज' (१९५५) चे चित्रीकरण कृष्णधवल स्वरूपात सुरू होऊन लवकरच रंगीत करण्यात आले. या निर्णयामुळे वेशभूषाकार मॉस मेब्री यांच्या कामाला नवे परिमाण लाभले. लाल जाकीट, पांढरा टी-शर्ट आणि निळी जीन्स हा जेम्स डीनचा वेश जगभर अनुकरणाचा विषय झाला. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी सुमारे एक महिना, ३० सप्टेंबर १९५५ रोजी, डीनचा अपघाती मृत्यू झाला, त्यामुळे त्या वेशाला स्मृतिचिन्हाचे रूप आले.

मात्र जिम स्टार्क संपूर्ण चित्रपटात या वेशात नाही, ही गोष्ट विसरली जाते. शाळेच्या पहिल्या दिवशी तो तपकिरी जाकीट घालून, सभ्य मुलगा म्हणून जातो. रात्रीच्या मोटारींच्या जीवघेण्या शर्यतीला निघण्यापूर्वी तो घरी येऊन कपडे बदलतो. त्याच घरात सुटावर एप्रन बांधलेल्या वडिलांना पाहून तो खजील झालेला आहे. जीन्स त्याच्या नशिबी आलेली नसून त्याने ती निवडली आहे. तिचा रंग गडद आणि एकसारखा आहे. गुडघ्यावर विटल्याची, कामाने झिजल्याची खूण तिच्यावर नाही. सुखवस्तू उपनगरातील मुलगा मजुराचे वस्त्र घालतो, परंतु त्या वस्त्रामागची मजुरी त्याच्या जगात कोठेच दिसत नाही.

शेवट याहून बोलका आहे. जिमचे लाल जाकीट अंगात असतानाच प्लेटो पोलिसांच्या गोळीने मरतो आणि जिमचे वडील स्वतःचा कोट मुलाच्या खांद्यांवर घालतात. बंडाचा वेश अखेरीस पित्याच्या वस्त्राखाली येतो. यात करुणा आहे, तसाच कुटुंबव्यवस्थेशी केलेला समेटही आहे. भिंतीवरील चित्रांतून अमर झालेला डीन आणि चित्रपटाच्या अखेरीस वडिलांचा कोट पांघरलेला जिम यांतील अंतर समीक्षेने नजरेआड करता कामा नये.

जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या 'जायंट' (१९५६) मध्ये उलट प्रवास घडतो. मॉस मेब्री आणि मार्जरी बेस्ट यांच्या वेशभूषेला ऑस्करचे नामांकन मिळालेल्या या चित्रपटात डीनचा जेट रिंक हा टेक्ससमधील पशुपालकाकडे राबणारा गडी आहे. त्याची जीन्स खरोखरच कामाची आहे. जमिनीतून तेल उसळते तेव्हा तो आणि त्याचे कपडे काळ्या तेलाने माखतात आणि त्याच अवस्थेत तो मालकाच्या ओसरीवर जाऊन उभा राहतो. श्रम आणि वर्गविद्वेष एकाच वस्त्रावर इतक्या थेटपणे क्वचितच उमटले असतील. पुढे जेट धनाढ्य होतो आणि जीन्स कायमची टाकतो. जिम जीन्स घालून वर्गाबाहेर पडू पाहतो, जेट ती टाकून वर्गात शिरू पाहतो. प्रेक्षकांच्या स्मरणात डीनच्या या दोन्ही प्रतिमा मिसळून गेल्या. त्यांचे सामाजिक अर्थ मात्र परस्परविरोधी आहेत.

स्त्रीवेश, फॅशन आणि डेनिम

अमेरिकी स्त्रियांच्या फॅशनमध्ये डेनिम आले ते दोन वाटांनी. पहिली वाट सहलीसाठी पाहुणे ठेवणाऱ्या पश्चिमेकडील पशुपालन केंद्रांची. १९३४ मध्ये लीवाय स्ट्रॉस कंपनीने स्त्रियांसाठी स्वतंत्र जीन्स बाजारात आणली. दुसरी वाट घरकामाची. क्लेअर मॅककार्डेल यांनी १९४२ मध्ये 'पॉपओव्हर' हा पुढून गुंडाळून नेसण्याचा डेनिमचा पोशाख तयार केला. त्याची किंमत ६.९५ डॉलर होती आणि त्यासोबत स्वयंपाकघरात गरम भांडे धरण्याचा हातमोजा मिळे. घरातील कामालाही नीटनेटका पोशाख हवा, ही त्यामागील दृष्टी होती. येथे डेनिम श्रमापासून तोडलेले नाही, फक्त तो श्रम घरातला आहे.

पुरुषांच्या औपचारिक जगात डेनिमला अद्याप प्रवेश नव्हता. १९५१ मध्ये व्हँकूवर येथील एका हॉटेलात डेनिमच्या वेशामुळे बिंग क्रॉस्बी यांना प्रवेश नाकारण्यात येत होता. त्यानंतर लीवाय स्ट्रॉस कंपनीने त्यांना डेनिमचे औपचारिक जाकीट भेट दिले. हा प्रसंग विनोदी वाटला, तरी वस्त्राची पायरी कोणती होती हे तो सांगतो.

चित्रपटातील स्त्रीवेशाच्या दृष्टीने मेरिलिन मन्रोच्या तीन भूमिका अभ्यसनीय आहेत. फ्रिट्झ लँग यांच्या 'क्लॅश बाय नाइट' (१९५२) मध्ये ती मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातील कामगार आहे. प्रारंभीची दृश्ये होड्या, मासळी आणि कारखाना यांची असल्याने तिची जीन्स पाळीवर जाणाऱ्या मुलीची वाटते. ऑटो प्रेमिंजर यांच्या 'रिव्हर ऑफ नो रिटर्न' (१९५४) चा काळ १८७५ चा आहे, म्हणजे पेटंटनंतर दोनच वर्षांचा. त्या काळात बेतशीर जीन्स घातलेली स्त्री ही १९५४ ची कल्पना होय. तेथे इतिहासापेक्षा देहदर्शनाची सोय अधिक पाहिली आहे.

तिसरी भूमिका जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित आणि आर्थर मिलर लिखित 'द मिसफिट्स' (१९६१) मधील. कथा रेनोमध्ये सुरू होते. जेथे रिव्हेट ठोकलेली पहिली विजार शिवली गेली, त्याच गावात घटस्फोटासाठी आलेली रोझलिन जीन्स घालून गुराख्यांबरोबर वाळवंटात जाते. मजुरी पत्करण्यापेक्षा काहीही श्रेयस्कर, अशी या पुरुषांची धारणा आहे. प्रत्यक्षात ते रानटी घोडे पकडून कुत्र्यांच्या खाद्यासाठी विकतात. श्रमिकाचे वस्त्र घालून श्रमापासून पळणाऱ्या माणसांचे स्वातंत्र्य कशावर उभे आहे, हे रोझलिनच्या आक्रोशाने उघडे पडते. तोच वेश घातलेली स्त्री त्या वेशाच्या दंतकथेला नकार देते. या अभ्यासातील चित्रपटांत जीन्सच्या प्रतिमेची सर्वांत कठोर समीक्षा या चित्रपटाने केली आहे.

पडद्याबाहेरचे डेनिम

वरील चित्रपटांत बंड करण्याचा अधिकार प्रायः गौरवर्णी तरुणांकडेच आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतमजुरांसाठी डेनिम हे निवडीचे वस्त्र नव्हते. दारिद्र्य आणि सक्ती यांच्याशी ते बांधलेले होते. म्हणूनच १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग आणि राल्फ ॲबरनेथी यांनी बर्मिंगहॅम येथे डेनिमचे कामाचे कपडे घालून अटक करवून घेतली, याला वेगळे मोल आहे. ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार चालू असताना त्यांनी नवे कपडे नाकारले आणि मजुराचे वस्त्र मजुराच्या अर्थासह धारण केले. चित्रपटांनी जो अर्थ पुसट केला होता, तो येथे रस्त्यावर पुन्हा उभा राहिला.

निष्कर्ष

१) अभिजात अमेरिकी चित्रपटांत जीन्सचा एकच अर्थ नाही. ती कोण घालतो, स्वेच्छेने घालतो की गरजेने, आणि अखेरीस कोणते वस्त्र तिची जागा घेते, यांवर तिचा अर्थ ठरतो.

२) बसती शिवण आणि न विटलेला रंग यांमुळे वस्त्रावरील श्रमाच्या खुणा पुसल्या गेल्या. बंडाची प्रतिमा निर्माण होण्यास ही पुसट सहायक ठरली.

३) प्रतिमा लोकप्रिय झाली तरी 'द वाइल्ड वन', 'रिबेल विदाउट अ कॉज' आणि विशेषतः 'द मिसफिट्स' हे चित्रपट त्या प्रतिमेविषयी स्वतःच प्रश्न उपस्थित करतात.

४) स्त्री आणि कृष्णवर्णीय समाज यांचा विचार केल्याशिवाय जीन्सच्या मुक्तिदायी प्रतिमेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

आज कारखान्यात मुद्दाम विटविलेली आणि फाडलेली जीन्स चढ्या भावाने विकली जाते. ज्या झिजेसाठी पूर्वी मजुराला अनेक वर्षे राबावे लागे, ती झीज आता विकत मिळते. ती झीज मूळची कोणाची, हा प्रश्न विचारत राहणे हे वेशभूषेच्या समीक्षेचे काम होय.