एकास सत्त्याऐंशी

दहिवलीत राहून रोज कर्जतहून लोकल पकडणाऱ्या कारकुनाला रविवारी पुन्हा गाड्याच दाखवायला न्यायच्या, ही कल्पना आमच्या हिचीच! पुण्याला भाऊसाहेब जोशींनी 1998 साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आम्ही सहकुटुंब पाहिले.

काम चोख, वादच नाही. सिग्नल पडतो, गाडी थांबते, दिवे मालवून रात्रसुद्धा होते. आमचा बोरघाट एचओ मापात, म्हणजे 87 पट लहान करून बसवायचा, तर कर्जत-लोणावळ्याचे 28 किलोमीटर साधारण 322 मीटर भरतात. हा हिशेब मी तिकिटाच्या पाठीवर मांडला आणि घाटाचा हट्ट सोडला.

तक्रार एकच. एकही गाडी लेट नाही! याला काय रेल्वे म्हणायचे?

तेवढ्यात फलाटावरचा बोटाच्या पेराएवढा माणूस दिसला. गाडी आली, गेली. हा आपला तिथेच. वीस वर्षे मीही असाच उभा आहे.

"बाबा, तो चढत का नाही?" धाकटीने विचारले.

"त्याची बदलीची ऑर्डर यायचीय, बाळ."

तक्रार मी तिथल्या तिथे मागे घेतली. माप अगदी बरोबर होते.