'इव्हॉल्व्ह' : एका पुनरागमनाचें परीक्षण

मुंबईच्या 'इंडस क्रीड' या बँडची 'इव्हॉल्व्ह' ही ध्वनिमुद्रिका २०१२ सालीं प्रसिद्ध झाली, त्यास आतां एक तपाहून अधिक काळ लोटला. इतक्या उशिरां तिचें परीक्षण कां, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, पुनरागमनाची ध्वनिमुद्रिका ताजी असतां तिच्याविषयीं निर्मळ मत बनणें जवळजवळ अशक्य असतें. श्रोता गाणें ऐकत नाहीं. तो आपलीं गेलेलीं वर्षें ऐकत असतो. पुष्कळ वर्षांनीं भेटलेल्या मित्राच्या बोलण्यांतील व्याकरणाच्या चुका कोण काढीत बसतो? भेटीचा भर ओसरल्यावरच टीकाकाराचें काम सुरू होतें.

हार्ड रॉक या प्रकाराशीं ज्या वाचकांचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. विजेच्या गिटारीचा जाड, किंचित् फाटलेला नाद, ड्रमचा ठोस आघात आणि या दोहोंच्या वर चढून गाणारा कंठ, हें या संगीताचें स्थूल रूप होय. १९८४ सालीं 'रॉक मशीन' या नांवानें हा बँड मुंबईंत उभा राहिला. आरंभीं परक्यांचीं गाणीं वाजविणें हाच त्या काळच्या सर्व बँडांचा शिरस्ता होता. तो मोडून या मंडळींनीं स्वतःचीं गीतें रचलीं, आणि 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) व 'द सेकंड कमिंग' (१९९०) या दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. पुढें १९९३ मध्यें त्यांनीं नांव बदलून 'इंडस क्रीड' हें घेतलें. सिंधूचें नांव धारण करण्यांत आपल्या भूमीची खूण पटविण्याची इच्छा उघड दिसते. त्याच सुमारास त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीस एम्. टी. व्ही.च्या आशियाई प्रेक्षकांचें पारितोषिक मिळालें. १९९५ मध्यें नव्या नांवाची ध्वनिमुद्रिका आली, १९९७ मध्यें बँड थांबला, आणि २०१० मध्यें पुन्हां एकत्र आला.

आमच्या विद्यार्थिदशेंत धोबीतलावाचें रंगभवन हें या संगीताचें माहेरघर होतें. पनवेलकराला मात्र तें दूरच. हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत पोंचली ती १९९८ सालीं, म्हणजे बँड थांबल्यानंतर! आज नवीन पनवेलहून गाडीनें थेट मुंबईच्या टोंकापर्यंत बसल्या जागीं जातां येतें. परंतु शांतता क्षेत्राच्या नियमामुळें रंगभवनांतले रॉकचे जलसे केव्हांच बंद पडले आहेत. असो.

परत येणाऱ्या कलावंताकडून लोक बहुधा एकच गोष्ट मागतात : तूं होतास तसाच ये. आपल्या रंगभूमीवर याचें उदाहरण शोधावयास नको. बालगंधर्व उतारवयांतहि स्त्रीभूमिका करीत राहिले आणि रसिक त्यांना ऐकावयास जात राहिले. समोरच्या गंधर्वांत ते पूर्वीचे गंधर्व शोधीत होते. इंग्लंडच्या 'डीप पर्पल'नें याच मागणीचा वेगळ्या रीतीनें उपयोग केला. १९७६ मध्यें मोडलेला तो बँड १९८४ मध्यें परतला, तो आपल्या सर्वांत गाजलेल्या काळांतील पांचहि गडी घेऊन, आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' मध्यें जुना नाद जसाच्या तसा उभा राहिला. श्रोते तृप्त झाले. त्यांत गैर कांहीं नव्हतें. पण वाढहि फारशी नव्हती.

'इंडस क्रीड'नें हा सोपा मार्ग टाळला, हें आमच्या मतें 'इव्हॉल्व्ह'चें पहिलें श्रेय. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बेस वाजविणारे रुशाद मिस्त्री आणि ड्रम वाजविणारे जय राव कवी हे दोघे नवे आणि वयानें बरेच लहान. वाचकांनीं या वांटणीकडे नीट लक्ष द्यावें. बेस आणि ड्रम म्हणजे रॉकचा पाया. आपल्या गायनांत तबल्याचें जें स्थान तेंच, किंबहुना त्याहून अधिक. येथें पायाच नव्या पिढीचा घातला गेला. ठेका सरळ, मोजून मारलेला राहिला नाहीं. तो वळतो, अडखळल्यासारखा करतो आणि पुन्हां सांवरतो. त्यामुळें वरच्या तिघांना जुन्या चालीनें चालणें शक्यच उरलें नाहीं. तिनईकरांची गिटार एके काळीं प्रत्येक गाण्यांत आपली पाळी येतांच पुढें सरसावत असे. ती आतां पुष्कळदां मागें थांबून रंग भरते. बेनेगलांचा आवाज तारसप्तकाची हौस सोडून मधल्या पट्टींत स्थिर झाला आहे. हें वयानें लादलेलें बंधन असेल, असें कोणी म्हणेल. असेलहि, पण बंधनाचें शैलींत रूपांतर करणें हीच तर प्रौढ कलावंताची ओळख.

'फायरफ्लाइज' किंवा 'डिझॉल्व्ह' यांसारखीं गीतें ध्रुवपदावर घाईनें झडप घालीत नाहींत. 'द मनी' मध्यें ठेक्याचा जोर अधिक आहे, आणि जुन्या श्रोत्याला ओळखीचें वाटेल असें तें गीत आहे. मिश्रण टिम पामर या परदेशी जाणकाराचें. त्याची सफाई कोठेंहि खटकत नाहीं, जरी आम्हांस स्वतःला 'रॉक मशीन'चा खडबडीतपणा अधूनमधून आठवतो.

आतां दोषाकडे वळूं. आम्ही इंग्रजी शिकवितों, म्हणून शब्दांकडे आमचें लक्ष आपोआप जातें. ही ध्वनिमुद्रिका आम्हीं आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस ऐकविली. त्यांतील एकानें विचारलें, "सर, हे मुंबईचेच ना? मग मुंबई कुठें आहे?" प्रश्न रास्त आहे. संगीत परकें म्हणून आमची तक्रार नाहीं. सॉनेट परकेंच होतें; केशवसुतांनीं तें मराठींत आणलें आणि त्याचें सुनीत झालें. पेटीहि परकीच, आकाशवाणीनें १९४० पासून कित्येक वर्षें तिला मज्जाव केला होता, तरी ती घरोघर नांदली. इंग्रजींत लिहिण्यासहि आमची हरकत नाहीं. ती भाषा या मंडळींची स्वतःचीच आहे. परंतु पदांतील दुःख, लोभ, विरह हीं सर्व कोणत्याहि महानगराच्या मापाचीं आहेत. लंडनच्या श्रोत्याला त्यांत कांहीं अडणार नाहीं. आणि नेमकी तीच उणीव. १९९५ च्या ध्वनिमुद्रिकेंत भारतीय नाद आणण्याची खटपट होती. ती कोठें कोठें वरून चिकटविल्यासारखी वाटली. तरी तिच्यामागें एक प्रश्न होता : आपण कोठून गातों? 'इव्हॉल्व्ह' मध्यें संगीतानें त्या प्रश्नाला बगल देऊनहि आपली उंची गांठली. शब्दांना मात्र ती गांठतां आली नाहीं. धोबीतलावाच्या इराण्याच्या दुकानांतला चहा, रात्रींची शेवटची लोकल, खाडीवरचा पाऊस, यांपैकीं एखादी गोष्ट बेनेगलांच्या पुढच्या गीतांत शिरली, तर आमचा तो विद्यार्थी तीं गीतें आमच्या आधीं मिळवून ऐकेल.