कडवे की प्रकरण?

डिकन्सने डिसेंबर १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या कथेच्या पाच भागांना ‘स्टेव्ह’, म्हणजे कडवे, असे नाव दिले. गद्यकथेला नाताळगीत म्हणावयाचे आणि तिची कडवी पाडावयाची, ही केवळ लहर नव्हे. मुलांसाठी केलेल्या संक्षेपांत बहुधा या कडव्यांची प्रकरणे होतात, आणि हानीला तेथूनच प्रारंभ होतो.

गीताला ध्रुवपद असते. येथे ते स्क्रूजच्या तोंडी आहे. गरिबांसाठी वर्गणी मागावयास आलेल्या गृहस्थांना तो तुरुंग आणि दरिद्रगृहे बंद झाली काय, असे विचारतो. मरणारे मेले तर जादा लोकसंख्या तेवढीच घटेल, असेही सुनावतो. पुढे पांगळ्या टिमसाठी त्याचा जीव कळवळतो, तेव्हा भूत तेच शब्द त्याच्या पदरात टाकते. ‘अज्ञान’ आणि ‘ददात’ (‘वाँट’ला मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही) ही दोन भेसूर बालके पाहून तो हादरतो, तेव्हा पुन्हा तेच. संक्षेपकार पहिला संवाद रुक्ष म्हणून आणि बालके भयंकर म्हणून गाळतात. मग उरतो एक तऱ्हेवाईक म्हातारा आणि मेजवानीचा पक्षी.

संक्षेप हा अपराध नव्हे. १८५३ पासून डिकन्स स्वतः ही कथा श्रोत्यांपुढे वाचीत असे, तीही पुष्कळ कापछाट करूनच. परंतु कहाण्या ऐकत वाढलेले मूल परतून आलेला शब्द तत्काळ ओळखते. त्याला वाचून दाखविताना फळांच्या दुकानाचे लांबलचक वर्णन खुशाल वगळावे. त्या गृहस्थांची भेट वगळू नये.