कासवीची दृष्टी

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१७ साली ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ लाभले. येथे थाटीपुरात एका स्नेह्यांच्या घरी तो नुकताच पुन्हा पाहण्याचा योग आला. चित्रपट संपताच बैठकीतील एक वडीलधारे गृहस्थ उद्गारले, “खाण्यापिण्यास कमी नाही, मग या पोराला झाले तरी काय?” ते ऐकून घरची सोळा वर्षांची मुलगी उठून आत निघून गेली. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

आत्मघाताचा प्रयत्न फसल्यावर रुग्णालयातून पळालेला एक तरुण, आणि त्यास आजारी अवस्थेत वाटेत आढळून कोकणातील समुद्रकाठच्या घरी नेणारी जानकी, एवढीच कथा. जानकी स्वतःही मनाच्या दुखण्यातून वाट काढीत आहे. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांचे रक्षण चालले आहे. इरावती हर्षे व आलोक राजवाडे यांचा अभिनय संयत आहे, आणि स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे निर्माते व नट या दोन्ही नात्यांनी त्यात आहेत.

देवळाच्या सभामंडपातील कासव आपणांस नवे नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ कूर्माप्रमाणे इंद्रिये आवरून घेतो. पण येथे एक गंमत आहे: समुद्री कासवास डोके व पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत! आमच्या मते या तरुणाचे खरे चित्र तेच होय. कवच आहे, पण त्यात शिरता येत नाही. क्षणात उसळणारा संताप, टोकाचे मनोविकार, कोणी टाकून जाईल ही धास्ती, आतील पोकळी आणि अविचारी धाव ही लक्षणे एकवटली की काही किशोरवयीन मुले स्वतःच्या देहास इजा करून घेतात. पुष्कळदा त्यांस मरावयाचे नसते; असह्य भावनेतून क्षणभर सुटावयाचे असते. तथापि पुढील धोका त्यामुळे खोटा ठरत नाही. तज्ज्ञ ज्यास ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात, त्यात हे वर्तन वारंवार आढळते. परंतु इजा करून घेणारे प्रत्येक मूल त्या विकाराचे नसते, आणि कोवळ्या वयावर असा शिक्का घाईने मारणे बरे नव्हे. चित्रपटही तसा शिक्का मारीत नाही, हे त्याचे शहाणपण.

अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी या विकारावरील उपचारपद्धती सिद्ध केली. १९६१ साली, ऐन किशोरवयात, त्या स्वतः अशाच अवस्थेत रुग्णालयात होत्या. हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यांच्या सिद्धांतानुसार उपजत हळवे मन आणि त्या मनाची वेदना सतत खोटी ठरविणारे भोवताल, या दोहोंच्या घर्षणातून हे दुखणे वाढते. “झाले तरी काय?” हा प्रश्न त्या भोवतालचाच आवाज नव्हे काय?

जानकी तो प्रश्न टाळते. ती खोदून विचारीत नाही, पण नजरेआडही होऊ देत नाही. कासवी केवळ दृष्टीने पिलांचे पोषण करते, अशी कल्पना आपल्या संतवाङ्मयात आहे. प्राणिशास्त्र तीस दुजोरा देत नाही. खरी मादी अंडी वाळूत पुरून समुद्रात निघून जाते. पण जानकीच्या वागण्यास याहून नेमके नाव आम्हांस सुचत नाही.

आमचा आक्षेप निराळाच आहे. जानकी परकी आहे, सुस्थितीत आहे, तिच्या घरापुढे समुद्र आहे. परक्यास धीर धरणे तुलनेने सोपे. ज्या घरात भावना खोटी ठरली, त्याच घरातील आईबापांनी ती खरी मानावयास कसे शिकावे, हा कठीण प्रसंग दिग्दर्शकांनी कोकणाच्या वाटेवर मागे टाकला. थाटीपुरातील त्या मुलीस कोणी समुद्राकाठी नेणार नाही. तिच्या खोलीचे दार त्याच बैठकीत उघडते.