आस्वाद आणि गुणदान : बेल्जियन डार्क एलच्या निमित्ताने

‘आस्वाद’ हा शब्द आपल्या समीक्षेत इतका रुळला आहे की तो मूळचा जिभेचा आहे याचे सहसा भान राहत नाही. भरताने नाट्यरसाचे स्वरूप विशद करताना नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा दृष्टान्त घेतला. पुढे अभिनवगुप्ताने पानकरसाचा दाखला दिला. पानकात गूळ, मिरी इत्यादी द्रव्ये असतात, परंतु त्याची चव त्यांपैकी कोणत्याही एकाची नसते. पाश्चात्त्य विचारात मात्र जिभेच्या निर्णयाविषयी मतभेद आहे. कांटने १७९० साली असे प्रतिपादन केले की, कॅनरी बेटांची वाइन ‘सुखद आहे’ असे न म्हणता ‘मला सुखद आहे’ असेच म्हणणे योग्य. त्यापूर्वी ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीविषयक निबंधात ‘डॉन किहोटे’तील एक गोष्ट सांगितली होती. पिंपातील वाइन चाखून एकाने तिला चामड्याचा वास येतो म्हटले, दुसऱ्याने लोखंडाचा. लोक हसले, पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा बंद लावलेली किल्ली सापडली.

जिभेच्या निर्णयाला काही शिस्त असू शकते काय, हा प्रश्न एका प्रत्यक्ष पेयावर तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. त्यासाठी येथे बेल्जियममधील गडद, प्रबळ एल निवडली आहे. तिच्या परीक्षणाची लिखित पद्धती उपलब्ध आहे आणि त्या पद्धतीची मर्यादाही तिच्याच ठिकाणी स्पष्ट होते.

प्रथम या पेयाचे स्वरूप पाहू. स्टाउट या बिअरचा काळा रंग भाजलेल्या धान्याचा असतो, म्हणून तिच्यात कॉफीसारखा कडवटपणा उतरतो. बेल्जियन डार्क एलचा रंग पुष्कळदा तापवून गडद केलेल्या साखरेच्या पाकाचा असतो. त्यामुळे काकवी, मनुका, सुके अंजीर यांची आठवण होते. साखर घातल्याने पेय गोड होत असेल, असा समज स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. यीस्ट ही साखर जवळजवळ संपूर्ण पचविते. त्यामुळे मद्यार्क वाढतो, पण त्या प्रमाणात जडपणा वाढत नाही आणि शेवट कोरडा होतो. याच यीस्टपासून एस्टर व फिनॉल ही द्रव्ये निर्माण होतात; पहिल्यांमुळे फळांचा आणि दुसऱ्यांमुळे लवंग-मिरीचा गंध येतो. पेयात लवंग घातलेली नसतानाही ती जाणवते, ही गोष्ट पानकाच्या दृष्टान्ताहून एक पाऊल पुढची आहे.

आता परीक्षणाची पद्धती. इंग्लिश लेखक मायकेल जॅक्सन यांच्या १९७७ च्या ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ या ग्रंथाने बिअरचे शैलीनुसार वर्गीकरण रूढ केले. अमेरिकेतील बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या १९८५ साली स्थापन झालेल्या संस्थेने त्याला नियमांचे रूप दिले. तिच्या २०२१ च्या नियमावलीत या एलसाठी मद्यार्काचे प्रमाण ८ ते १२ टक्के सांगितले असून आरंभीची घनता १.०७५ ते १.११० व अखेरची १.०१० ते १.०२४ अशी दिली आहे. तिच्या गुणपत्रिकेत एकूण गुण ५० : गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, मुखस्पर्शाला ५ आणि समग्र परिणामाला १०.

या पत्रिकेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ह्यूमच्या गोष्टीतील किल्ली शोधण्याचे काम ती चोख करते. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, लोण्यासारखा वास किंवा घशाला झोंबणारा मद्यार्क हे दोष परीक्षकाच्या लहरीवर अवलंबून नसतात; अनेक अभ्यस्त परीक्षकांना ते स्वतंत्रपणे जाणवू शकतात. कांटच्या ‘मला’ या शब्दाला येथे निश्चितच मर्यादा पडते.

परंतु दोष ओळखणे म्हणजे गुण ठरविणे नव्हे. या एलचा खरा गुण तिच्या समृद्धीत नसून त्या समृद्धीच्या विसर्जनात आहे. ११.३ टक्के मद्यार्काची रोशफोर १० सुमारे १२ अंश सेल्सिअसला, रुंद तोंडाच्या पेल्यात घेतली असता प्रथम अंजीर-मनुकांचा भरगच्च गोडवा येतो. मग मिरीची किंचित धार जाणवते, आणि घोट उतरताच तो गोडवा ओसरून जीभ पुन्हा कोरडी होते. हे सारे एकामागून एक घडते. गंधाचे १२ आणि चवीचे २० गुण वेगवेगळे देणारा परीक्षक या क्रमाचेच तुकडे करतो. ज्या एलचा गंध दिपविणारा आहे, पण गोडवा जिभेला चिकटून राहतो, ती गंधाच्या रकान्यात जे कमावते त्याने शेवटच्या रकान्यातील तूट झाकली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते अशी एल सुगंधी असूनही असफल आहे.

कित्येकदा दोषसुद्धा समग्रतेशिवाय ठरत नाही. बाटलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या गडद एलमध्ये प्राणवायूच्या क्रियेने शेरी वाइनसारखी छटा येते. तीच क्रिया फिकट, हलक्या बिअरला शिळी करते. येथे मात्र ती गोडव्याला खोली देऊ शकते.

दुसरा अडथळा कीर्तीचा. वेस्टव्लेटेरन येथील सेंट सिक्स्टस मठाने १९४६ साली आपली बिअर बनविण्याचा परवाना जवळच्या वाटू गावातील व्यावसायिकाला दिला. १९९२ साली तो करार संपला. तेव्हापासून मठाची वेस्टव्लेटेरन १२ आणि वाटूची सेंट बर्नार्डस आप्ट १२ ही एकाच परंपरेतील दोन पेये अलग झाली. मठाबाहेर बनत असल्यामुळे दुसरीला ‘ट्रॅपिस्ट’ हे नाव लावता येत नाही. पहिली मर्यादित प्रमाणात बनते आणि तिची गणना जगातील सर्वश्रेष्ठ बिअरमध्ये वारंवार झाली आहे; दुसरी परदेशांतील दुकानांतही मिळते. दोहोंत काही फरक आहेतच; परंतु प्रसिद्धीतील प्रचंड अंतर चवीतील अंतराने स्पष्ट होईल, असे मानण्यास आधार नाही. त्यातील काही भाग तरी दुर्मिळतेचा आणि मठाच्या भिंतींचा आहे. म्हणून नाव झाकून चाखणे हा परीक्षणाचा पहिला नियम असला पाहिजे.

सारांश, नाव झाकावे, दोष तपासावेत, घोट पूर्ण उतरेपर्यंत थांबावे, आणि मगच अंगांचे गुण समग्राच्या प्रकाशात द्यावेत. हा क्रम केवळ पेयापुरता नाही. कादंबरीचे परीक्षण करताना कथानक, पात्रचित्रण, वातावरण आणि भाषा असे रकाने आखून गुण वाटण्याची सवय आपल्या उत्तरपत्रिकांत व प्रबंधांतही मुरली आहे. चार अंगांनी समृद्ध असलेली कृती अखेरीस वाचकाच्या मनात काय ठेवून जाते, हा प्रश्न त्या रकान्यांत बसत नाही. आस्वाद हा शब्द जिभेकडून घेतला असेल, तर घोट उतरल्यावर निर्णय देण्याचा तिचा संयमही समीक्षेने घ्यावयास हवा.