नेम चुकलेली गोळी : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि जुन्या बंदुकीचा इतिहास

मराठी विज्ञानकथेचा विचार करताना समीक्षेचे लक्ष यंत्रमानव, अंतराळयान, कालयंत्र अशा भविष्यवेधी वस्तूंकडे जाते. या कथांतून येणारी जुनी शस्त्रे मात्र केवळ नेपथ्याचा भाग मानली जातात. वस्तुतः मराठी वाचकाची विज्ञानकथेशी पहिली ओळख झाली ती तोफेच्या तोंडून. ज्यूल व्हेर्नच्या १८६५ मधील चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळकोकिळ’ मासिकातून प्रसिद्ध झाले. या कादंबरीत चंद्राकडे झेपावणारे यान एका प्रचंड तोफेतून डागले जाते. व्हेर्नने त्या तोफेला ‘कोलंबियाड’ हे नाव दिले, ते अमेरिकेच्या किनारासंरक्षणातील प्रत्यक्ष तोफांवरून घेतलेले होते. भविष्याची कल्पना भूतकाळाच्या हत्यारावर बसवणे हा या वाङ्मयप्रकाराचा जुना स्वभावच आहे. तथापि व्हेर्नच्या तोफेचे काम वाहनाचे आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत मात्र अठराव्या शतकातील एक गोळी हेच कथेचे बीज आहे. त्या गोळीचा अन्वयार्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथेचे सूत्र परिचित आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका समांतर जगात जाऊन पोहोचतात. तेथे १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. आपल्या इतिहासात विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी त्या जगात तीळभर अंतराने त्यांच्या कानाजवळून निघून जाते. पुढे राजेंद्र देशपांडे हे पात्र या चमत्काराची उपपत्ती मांडते. तिचे दोन भाग आहेत. ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’च्या आधारे असे सांगितले जाते की, तुल्यबळ सैन्यांच्या झुंजीत एखाद्या निर्णायक बिंदूवर लहानशी घटनाही पारडे फिरवते. दुसरा भाग पुंजवादाचा आहे. बंदुकीतून सुटलेली गोळी अमुक वेळी कोठे असेल हे सांगता येते, इलेक्ट्रॉनबाबत तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून अनेक पर्यायी जगे संभवतात.

येथे एक अंतर्विरोध लक्षात येतो. एकाच कथेत गोळी दोन परस्परविरुद्ध भूमिका वठवते. उपपत्तीमध्ये ती निश्चिततेचे उदाहरण आहे, तर पानिपतावर तीच अनिश्चिततेचे साधन होते. एका जगात नेमका वेध घेणारी गोळी दुसऱ्या जगात चुकते आणि दोन इतिहास फाटे फुटून वेगळे होतात. कथेला हत्याराच्या जातीत रस नाही. पण इतिहासाला आहे. त्या काळची तोडेदार बंदूक गुळगुळीत नळीची असे. दारू ठासल्यावर गोळी वरून आत जावी म्हणून ती नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान ठेवावी लागे. परिणामी सुटताना ती नळीच्या बाजूंवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का कोणत्या बाजूचा बसेल ते चालवणाऱ्याच्या हातात नसे. १७४२ मध्ये तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या बेंजामिन रॉबिन्सने अशी गोल गोळी फिरकी घेते व वाटेत वळते, हे प्रयोगांनी दाखवले. उंटावरच्या जंबुऱ्याची गत याहून फारशी वेगळी नव्हती. मराठीत ‘नेम’ म्हणजे लक्ष्यवेध आणि ‘नेम नाही’ म्हणजे अनिश्चितता. तोडेदार बंदुकीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच नळीत नांदतात.

या ठिकाणी असा आक्षेप घेता येईल की, तोडेदार बंदुकीची अनिश्चितता ही केवळ आपल्या अज्ञानाची आहे, तर पुंजवादाची अनिश्चितता मूलभूत स्वरूपाची आहे. भौतिकीच्या दृष्टीने हा आक्षेप रास्त आहे आणि समांतर जगांसाठी लेखकाला दुसरीच हवी होती. परंतु कलाकृती म्हणून पाहता कथेतील विज्ञान राजेंद्रच्या व्याख्यानात जितके आहे, त्याहून अधिक त्या तीळभर अंतरात आहे. व्याख्यान कथेवर वरून चिकटवल्यासारखे वाटते. गोळी कथेच्या आतून येते. मराठी विज्ञानकथेवर ‘विज्ञान उपरे राहते’ असा आरोप वारंवार होतो. ही कथा त्या आरोपाला दुजोराही देते आणि उत्तरही देते.

खरा प्रश्न याहून गंभीर आहे. एका गोळीवर इतिहास तोलणे कितपत योग्य? ‘विश्वास पानिपतात मेला’ ही म्हण वापरणाऱ्या समाजाला त्या गोळीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, कारण गोळी हुकली असती तर दोष कोणाचाच उरला नसता. याउलट मराठवाड्याच्या भूमीवरून पाहिले तर वेगळे चित्र दिसते. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते उदगीर-औसा परिसरात. निजामाची चाकरी सोडून आलेला, फ्रेंच पद्धतीने तयार झालेला इब्राहिमखान गारदी तेव्हा मराठ्यांकडे होता. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊंच्या उत्तरेकडील मोहिमेचा निर्णय झाला तो परतूर येथे. या विजयाने तोफखान्यावर विसंबण्याचा आत्मविश्वास दिला. मात्र ती जड तोफ पानिपतावर रसद तुटलेल्या, उपाशी सैन्यासोबत अडकून पडली आणि अफगाणांचे उंटावरचे हलके जंबुरे हवे तेथे फिरत राहिले. या कारणपरंपरेत विश्वासरावांना लागलेली गोळी शेवटची आहे, एकमेव नव्हे.

कथेतील विजयी पेशवे युरोपातील तंत्रयुगाची चाहूल ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारतात. लेखकाची ही आकांक्षा उदात्त आहे. पण प्रत्यक्षातही पराभवानंतर धडा घेतला गेला होता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये दि बॉयनला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभारल्या, तोफाही ओतवल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जबर हानी केली. तरी लढाई हातची गेली. तोफ होती, ती चालवणाऱ्या पलटणींचे नेतृत्व मात्र परक्या भाडोत्री अंमलदारांकडे होते आणि त्यांतील कित्येक इंग्रज अंमलदार युद्ध सुरू होताच चाकरी सोडून गेले होते. हत्यार विकत घेता येते, त्यामागील ज्ञानाची परंपरा विकत घेता येत नाही. कथेतील गोळी या प्रश्नाला बगल देते. विज्ञानकेंद्रांचा उल्लेख त्याला ओझरता स्पर्श करतो.

नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्या कथांचे मूल्यमापन आता गौरवाच्या पलीकडे जाऊन व्हावयास हवे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे सामर्थ्य असे की, इतिहास अपरिहार्य नव्हता ही जाणीव ती सर्वसामान्य वाचकाला देते. तिची मर्यादा अशी की, ती इतिहासाला योगायोगाच्या स्वाधीन करते. उदगीरपासून असईपर्यंतच्या त्रेचाळीस वर्षांत तोफा कोणी ओतल्या, बंदुका कोणी चालवल्या आणि ती विद्या आपल्याकडे का रुजली नाही, या प्रश्नांतून निर्माण होणारी विज्ञानकथा मराठीत अजून लिहिली जायची आहे. तिचे साहित्य आपल्या अंगणातच पडलेले आहे.