मधली पाने

शोककथांचा शेवट आपल्याला पाठ असतो. मधली पाने मात्र आपण सहसा उघडत नाही. प्रवचनकार असो वा कीर्तनकार, श्रोत्यांना धीर देण्याच्या सद्हेतूने तो पहिल्या आघातावरून थेट अखेरच्या कृपेवर येतो. या घाईने कथेचे काय होते, आणि ती ऐकणाऱ्या दुःखी माणसाचे काय होते, याचा विचार आम्ही येथे दोन कृतींच्या आधारे करू इच्छितो. एक आहे धाराशिव जिल्ह्यातील तेर गावच्या संत गोरोबाकाकांची कथा. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तिविजया'ने ती घरोघर नेली. दुसरी कृती म्हणजे बायबलमधील ईयोबाचा ग्रंथ. पहिली कथा आपल्या श्रद्धापरंपरेतील नाही. परंतु अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली शिकविले; आणि मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला गोरोबा परके कधीच नव्हते.

कथा सर्वश्रुत आहे. नामस्मरणात दंग होऊन माती तुडविताना गोरोबांच्या पायांखाली त्यांचे रांगते मूल येते. पाणी घेऊन परतलेली आई आक्रोश करते, विठ्ठलालाच बोल लावते. गोरोबा संतापून तिच्यावर धावून जातात, तेव्हा ती त्यांना विठ्ठलाची शपथ घालते : मला शिवू नका. अखेरीस पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत येतात, मूलही रांगत परत येते. कीर्तनाचा रंग या शेवटावर चढतो. मात्र आघात आणि चमत्कार यांच्यामध्ये कथेने जे ठेवले आहे ते पाहावे. एका छपराखाली राहणारे पतिपत्नी एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. पुढे दुसरा विवाह होतो, तरी घर जुळत नाही. शेवटी गोरोबा स्वतःचे हातच तोडून टाकतात. भक्तीच्या दृष्टीने हा शपथेच्या पालनाचा आदर्श आहे. शोककथा म्हणून वाचले तर अपत्य गमावलेल्या घराचे याहून खरे चित्र आम्हांला क्वचितच आढळले आहे. दोघांचे दुःख एकच, पण ते दोघांना जोडण्याऐवजी तोडते. लोकपरंपरेने हे जाणले होते. आपण ते सांगताना गाळतो.

ईयोबाच्या वाट्यालाही तेच आले. पहिल्या अध्यायातील त्याची शरणागती आणि बेचाळिसाव्यातील दुप्पट वैभव, एवढेच बहुधा आपल्या प्रवचनांत येते. मधल्या अध्यायांतला ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, मरण मागतो. त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी कारणे सांगावयास आरंभ केला आणि ते त्याचे छळक झाले. ग्रंथाचा निवाडा स्पष्ट आहे : देवाचा कोप होतो तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर, विलाप करणाऱ्या ईयोबावर नव्हे. शेवटही वाटतो तितका सोपा नाही. मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, उंट तीन हजारांचे सहा हजार. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात पुत्र आणि तीन कन्या. लेकरांची भरपाई होत नसते, हे ग्रंथकार या हिशेबातून सुचवितो असे आम्हांस वाटते.

दोन्ही कथांत एक उणीव मात्र समान आहे, आणि ती नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. ईयोबाच्या पत्नीनेही दहा मुले गमावली. तिच्या वाट्याला ग्रंथात एकच कडवट उद्गार येतो आणि त्यावर फटकार मिळते. गोरोबांच्या पत्नीचा टाहोही क्षणभरच ऐकू येतो. आईचे दुःख ऐकून घेण्याचे काम दोन्ही ग्रंथांनी वाचकावर सोपविले आहे.

हा केवळ साहित्याचा प्रश्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. सास्तूरसारख्या गावी घरटी शोक होता. नवी घरे उभी राहिली, त्यांची मोजदाद झाली. मनाच्या पुनर्वसनाला अशी मोजपट्टी नसते. पुढे दुष्काळ आणि कर्ज यांनी शेतकऱ्यांचे बळी घेतले, तेव्हा शासनाने २०१५ मध्ये 'बळीराजा चेतना अभियान' आरंभिले ते याच जिल्ह्यात आणि यवतमाळात. अशा घरी जाऊन 'श्रद्धा कमी पडली' असे म्हणणारा मनुष्य ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीत बसतो. ख्रिस्तसभेनेही ही वाट हळूहळू चालली आहे. १९१७ च्या कायदासंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास धर्मविधीने दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत ते कलम राहिले नाही. गंभीर मानसिक विकार, क्लेश वा भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो.

मधली पाने वाचणे म्हणजे निराशेत रमणे नव्हे. लाझरसला आपण उठविणार हे प्रभू येशूला ठाऊक होते, तरीही तो कबरेपाशी प्रथम रडला. शेवट ज्याच्या हाती होता त्यानेही मधले पान ओलांडले नाही. मग आपण ते का ओलांडावे? ईयोबाचे नातलग अखेरीस आले ते त्याच्या घरी जेवले, त्याचे सांत्वन केले आणि प्रत्येकाने पदरचे काही दिले. सांत्वनाची ती रीत आजही जुनी झालेली नाही. मासिक मिस्सा झाल्यावर शोकाचे घर विसरू नये. झोप उडाली, अन्न तुटले, मरणाची भाषा ओठी येऊ लागली, तर डॉक्टरांकडे स्वतः सोबत जावे. २०२२ पासून 'टेलिमानस'ची १४४१६ ही मोफत सेवाही आहे. औषध घेणे हा श्रद्धेचा पराभव नव्हे. आणि त्या घरातील आईला बोलू द्यावे. तिने देवाला बोल लावला तरी तिला अडवू नये. ते ऐकण्याचे सामर्थ्य देवापाशी आहे.